सगळे जागेवर

आमच्या घरात बोलणं विमानांच्या हिशेबाने चालायचं. सांताक्रूझ पूर्वेला विमानतळाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर आमचं चर्च होतं. नगरकडून आलेली आमची माणसं त्याला देऊळच म्हणायची, आणि देवळाला चिकटून दोन खोल्या आणि मागचा व्हरांडा असं पाळकघर होतं. पप्पा तिथले पाळक. विमान डोक्यावर आलं की आई फोडणीचा चमचा हातात धरून गप्प व्हायची, पप्पा वाक्य अर्धं सोडायचे आणि आवाज ओसरला की सोडलेल्या शब्दापासून पुढे निघायचे. भांडणसुद्धा असंच तुकड्यातुकड्यांनी व्हायचं आणि त्यामुळे बहुतेक वेळा मिटायचं, कारण मधल्या अर्ध्या मिनिटात राग धरून ठेवणं भल्याभल्यांना जमत नाही. रविवारी उपदेशातही तेच. नवख्या पाहुण्याला वाटायचं, पाळकसाहेबांना भरून आलंय. आम्हाला ठाऊक असायचं, विमान चाललंय.

हे आज लिहायला बसण्याचं कारण असं, की गेल्या महिन्यात मी आता ज्या चर्चला जाते त्या चारकोपच्या मंडळीचे पाळक बदलून गेले. कमिटीतल्या पोरांनी मला आभाराचं भाषण करायला सांगितलं. टीचर, तुम्ही पाळकाची मुलगी, तुम्हाला सवय असेल, म्हणाले. मी गुडघ्याचं कारण सांगून टाळलं. जाणाऱ्या पाळकांनी मोबाइलवर बघत सगळ्यांचे आभार मानले, त्यात माझंही नाव आलं, टाळ्या पडल्या, आणि मी मान वर करू शकले नाही. शेजारच्या बाईंना वाटलं मला गहिवरून आलंय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. गहिवर नव्हता तो, लाज होती, आणि तिला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली.

पाळकाची पोरगी होणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल. मी रस्त्यात शिट्टी वाजवली तर संध्याकाळी पंचांच्या बैठकीत विषय निघायचा. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे सात जण. कुणी म्युनिसिपालिटीच्या शाळेतले, कुणी कारखान्यातले, पण पाळकघराच्या दुधाच्या पिशव्या मोजायला सगळे सारखेच हुशार. त्यांच्यात शांतवनकाका तेवढे पप्पांचे सच्चे मित्र होते. अंधेरीच्या एका कारखान्यात प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, मधलं आणि त्याच्या शेजारचं. उपासना संपली की पाळकाशी पहिला हात मिळवायचा मान त्यांचा. लहानपणी तो तीन बोटांचा हात माझ्या डोक्यावर पडला की मला कसंतरी व्हायचं. पप्पा मात्र तो दोन्ही हातांत धरून ठेवायचे, अगदी मनापासून.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं, म्हणजे उपासनेत सगळ्यांना पावाचा तुकडा आणि द्राक्षाचा रस द्यायचा विधी. आदल्या दिवशी दुपारी आई मनुका उकळायची. त्या रसाचा गोड, किंचित करपट वास पडद्यांत, उशांत, माझ्या शाळेच्या ब्लाउजात जाऊन बसायचा. रस गाळून झाला की उरलेल्या फुगलेल्या मनुका माझ्या. त्या देवाच्या नाहीत, असं आईनेच ठरवलं होतं. मग ती पावाच्या कडा कापून पांढरे चौकोनी तुकडे करायची आणि कडांचा संध्याकाळी कांदा-मिरची घालून चिवडा व्हायचा. महिन्यातून एकदा आमच्या घरी देवाच्या ताटातलं उरलंसुरलं मेजवानीसारखं खाल्लं जायचं. एरवी बाजरीची भाकरी, येसरची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. पप्पांना या तिन्हींपुढे स्वर्गसुद्धा फिका वाटत असावा, उपदेशात ते तसं कधी म्हणाले नाहीत इतकंच.

मी आठवीत असताना पप्पांना काचबिंदू असल्याचं कळलं. कळायला फार उशीर झाला होता. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा, असं सरळ सांगितलं. उरलेलं म्हणजे समोरचा एक लहानसा गोल, आणि वर्षभरात तोही धुरकट झाला. उजेड, अंधार, माणसाची हालणारी सावली, एवढंच राहिलं. रिटायर व्हायला तेव्हा तीन वर्षं होती. वरच्या कचेरीत कळलं तर पप्पांना लगेच घरी बसवतील, पाळकघर खाली करावं लागेल, आणि माझी दहावी मधल्यामध्ये लटकेल. त्या रात्रीच्या जेवणावर आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. हिची दहावी होऊ दे. मग बघू." पप्पांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "देवळात उभं राहून खोटं वागायचं?" आई म्हणाली, "खोटं कुठं बोलायचंय? कुणी विचारलं तर सांगा की." आणि गंमत म्हणजे कुणीच विचारलं नाही. धडधाकट दिसणाऱ्या पाळकाला, तुम्हाला दिसतं का हो, असं कोण विचारणार?

मग आमच्या घराने एक वेगळीच शिस्त लावून घेतली. आपलं मराठी ताट वाढायची रीत आंधळ्या माणसासाठीच कुणीतरी काढली असावी, असं मला तेव्हापासून वाटतं. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी. आईने ती रीत इतकी कडक केली की बोटभरही इकडेतिकडे चालायचं नाही. पंचांपैकी कुणी जेवायला असलं तरी पप्पांचा हात न चाचपडता चटणीवर जायचा. एकदा मी घाईत चटणी उजवीकडे वाढली. पप्पांनी ती भाजी समजून मोठा घास घेतला आणि ठसका लागून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईने पाहुण्यांसमोर काही म्हटलं नाही. ते गेल्यावर माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तिसऱ्या दिवशीही निळं होतं.

देवळाचंही ताटासारखंच होतं. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, आणि प्रत्येक घराचं बाक ठरलेलं. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण राहेलआजींच्या जागेवर दुसरी कुणी बसली तर आजी तिच्यासमोर काठी टेकून उभ्या राहायच्या, ती उठेपर्यंत. शांतवनकाका उजवीकडे पहिल्या बाकावर, मधल्या वाटेच्या कडेला. म्हस्के सर, आमच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी, त्यांच्या मागे. पप्पांना ही सगळी बाकं पाठ होती. तरीही कुणी आजारी असायचं, कुणी गावी गेलेलं असायचं, म्हणून दर रविवारी फुलं ठेवायच्या निमित्ताने मी आधी देवळात जायची आणि बाकं बघून परत यायची. पप्पा पांढरा झगा घालून, कोरा चहा घेत व्हरांड्यात उभे असायचे. "काय खबर?" ते विचारायचे. मी सांगायची, "राहेलआजी आल्यात. शांतवनकाका जागेवर. म्हस्के सरांच्या मिसेस नाहीत, त्यांच्या जागी मुलगी बसलीय, हिरवा फ्रॉक." मग पप्पा वेदीवर उभे राहून म्हणायचे, "म्हस्के सर, घरी बरं नाही का?" आणि लोक म्हणायचे, काय बारीक नजर आहे पाळकसाहेबांची.

शनिवारी चार वाजता मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून शास्त्रपाठ वाचायची. पप्पा येरझारा घालत ऐकायचे, अकरा पावलं जायची, अकरा यायची. दोनदा वाचलं की पाठ. वर्गातल्या मैत्रिणी त्या वेळी जुहूला भेळ खायला जायच्या आणि मी इथे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळ्या वाचत बसलेली. मला राग यायचा, आणि रागाचं पापही वाटायचं, कारण हे सगळं तुझ्याच दहावीसाठी चाललंय, असं आई दिवसातून एकदा तरी ऐकवायची. मी मागितलं नव्हतं, असं एकदा मी म्हटलंही. पप्पा येरझारा थांबवून म्हणाले, "खरंय. तू नाही मागितलंस." आणि पुन्हा चालू लागले. त्यांनी रागवायला हवं होतं. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

तर असं रडतखडत ते सगळं पार पडलं. मी दहावी पास झाले, पप्पांची रिटायर व्हायची वेळ आली, आणि आम्ही नगरकडे आजोबांच्या जुन्या घरी जायचं ठरलं. मंडळीला तरुण पाळक मिळणार म्हणून सगळीकडे उत्साह. नवे पाळक गिटार वाजवतात म्हणे. पप्पांच्या जाण्याचं वाईट वाटत होतं लोकांना, नाही असं नाही, पण नव्या सुनेच्या स्वागताची गडबड असलेल्या घरात म्हाताऱ्या माणसाला जेवायला विचारायचं राहून जातं, तसं काहीसं चाललं होतं. पप्पांना त्याचं काही नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. जाताना एकेका घराचं नाव घेऊन, त्या घराकडे तोंड करून आभार मानायचे. चौदा वर्षं या लोकांनी आपल्याला खाऊपिऊ घातलं, सगळ्यांचे मिळून आभार म्हणजे काय आभार झाले, असं ते म्हणायचे.

तीन आठवडे आम्ही त्या आभारांची तालीम केली. मी परीक्षेच्या पॅडवर देवळातल्या बाकांचा नकाशा काढला. मी नाव वाचायचं, पप्पांनी त्या दिशेला वळायचं आणि बोलायचं. राहेलआजींचं पहिलं, कारण आम्ही दोन ट्रंका घेऊन आलो त्या दिवशी पहिली भाकरी त्यांच्या घरून आली होती. मग शांतवनकाका, त्यांच्याशी दोन पावलं पुढे जाऊन हात मिळवायचा. असं करत चाळीस घरं. पहिल्या दिवसापासून मी वाट पाहत होते. आईचं आणि माझं बाक डावीकडे शेवटून दुसरं. यादी तिथे पोहोचली की पप्पा म्हणायचे, "आणि माझ्या घरच्यांचे," आणि पुढच्या बाकाकडे वळायचे. पेटी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव होतं. न भेटलेल्या नव्या पाळकाचं होतं. पावसात गळणाऱ्या कौलांवर प्लास्टिक टाकणाऱ्याचं होतं. माझं नव्हतं. मला कळत होतं की माझं नाव घेऊन काय सांगणार, कशाबद्दल म्हणणार? आभार मानले की कारण सांगावं लागणार आणि झाकली मूठ उघडणार. सगळं कळत होतं. पण सोळाव्या वर्षी कळून काय उपयोग असतो? तिसऱ्या आठवड्यात मी नावं इतक्या तुटक आवाजात वाचायला लागले की पप्पांनी विचारलं, "घसा बसलाय का?" मी हो म्हटलं.

निरोपाच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे फुलं घेऊन देवळात गेले आणि दारातच थबकले. म्हस्के सर हातात कागद घेऊन उभे होते. बिशपसाहेब येणार, इतर मंडळ्यांचे पाळक येणार, नव्या पाळकांचं कुटुंब येणार, म्हणून पुढची तीन-तीन बाकं त्यांनी पाहुण्यांसाठी रिबन लावून राखून ठेवली होती आणि आमच्या लोकांना मागे ढकललं होतं. ढकललं तेही नीट क्रमाने नव्हे, आले तसे बसा. शांतवनकाका पार मागच्या दाराशी खांबाला टेकलेले. राहेलआजी काठी आपटून भांडत होत्या, "माझी जागा हाय ती." म्हस्के सर म्हणत होते, "आजी, एकच दिवस. पाहुणे आहेत ना. जरा समजून घ्या की."

मी फुलं ठेवली आणि परत आले. पप्पा व्हरांड्यात उभे होते. झगा त्या दिवशी आईने इस्त्रीने असा कडक केला होता की तो त्यांच्या अंगापासून वेगळा उभा असल्यासारखा दिसत होता. हातात चहाचा कप, ओठ हलत होते. यादी घोकत होते. "काय खबर?" त्यांनी विचारलं.

"सगळे जागेवर आहेत," मी म्हटलं.

हे मी का म्हटलं, याची कारणं मी आयुष्यभर बदलत आले. कधी म्हणते, सांगितलं असतं तर ऐन वेळी चाळीस घरांची यादी त्यांना नव्याने लावता आली नसती, उगाच घाबरले असते. कधी म्हणते, मी पोर होते. खरं कारण एवढंच, की त्या क्षणी मला वाटलं, आता स्वतःचं स्वतः बघा. माझ्याशिवाय जमतं ना, मग जमवा. पुढे काय होईल याचा मी विचार केला नव्हता. थोडी फजिती व्हावी, आपली किंमत कळावी, इतपतच माझी दुष्टबुद्धी होती, पण तेवढी होती, आणि ती माझीच होती.

उपासना नीट पार पडली. बिशपसाहेब बोलले, म्हस्के सरांनी मानपत्र वाचलं, नव्या पाळकांच्या हातात पप्पांनी देवळाची किल्ली दिली. मग पप्पा वेदीच्या कठड्यापाशी आले, हात जोडले, आणि डावीकडच्या पहिल्या बाकाकडे वळून हसले. "राहेलआजी," ते म्हणाले, "तुमच्या हातची भाकरी खाऊन आम्ही या मुंबईत राहायला लागलो." त्या जागेवर बिशपसाहेबांच्या मिसेस रेशमी साडी नेसून बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं. कुठेतरी एक पोर खुदकन हसलं. पप्पा बोलतच होते, आजींच्या गुडघ्याबद्दल, त्यांच्या करड्या आवाजातल्या गाण्याबद्दल, त्या रेशमी साडीकडे इतक्या मायेने बघत, की हसणारं पोरही गप्प झालं. आई माझ्या शेजारी होती. तिने माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली.

पप्पा उजवीकडे वळले. दोन पावलं पुढे आले, तालमीत ठरली होती तशी, आणि हात पुढे केला. "शांतवनराव," ते म्हणाले, "चौदा वर्षं दर रविवारी पहिला हात तुमचा. आज शेवटचा पहिला माझा." त्या जागी नवे पाळक बसले होते. बिचारे जेमतेम तिशीचे. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, अर्धवट उठले, आणि पुढे आलेला हात रिकामा कसा ठेवायचा म्हणून आपला हात त्यात दिला.

पाची बोटं शाबूत असलेला हात.

पप्पांचं हसू गेलं नाही, पण ते चेहऱ्यावर नुसतं राहिलं. त्यांनी तो हात सोडला नाही. त्यांचा अंगठा हळूच त्या बोटांवरून फिरला, मधलं बोट, त्याच्या शेजारचं बोट. मग त्यांनी मान किंचित वळवली, मागच्या बाकांच्या दिशेने, आमच्या बाकाच्या दिशेने. ते मला शोधत होते. त्यांना दिसत नव्हतं, पण मी तिथे असणार हे त्यांना ठाऊक होतं. मी हलले नाही. आजही त्या क्षणात मी उठते, पुढे जाते, त्यांच्या कानात सांगते. त्या दिवशी मी बाकाला चिकटून बसले होते.

आणि विमान आलं. पप्पा सवयीने थांबले, थांबायला कारण मिळालं म्हणूनही थांबले असतील. छप्पर थरथरायला लागलं, आणि त्या आवाजात शांतवनकाका मागच्या दारातून निघाले. चपला हातात घेऊन, मधल्या वाटेने, जवळजवळ पळत. त्यांच्यामागे राहेलआजी काठी उचलून, सुनेच्या खांद्यावर रेलत. मग म्हस्के सर. मग सगळेच चपला काढून उठले, कुणी कुणाला खूण केली नव्हती. पाहुण्यांना हाताने बाजूला सारत, पोरांना काखेत मारून, जो तो आपल्या बाकाकडे निघाला. बिशपसाहेब भिंतीला लागून उभे राहिले. त्यांच्या मिसेसनी पदर सावरत राहेलआजींना जागा दिली. नव्या पाळकांनी पप्पांचा हात सोडला नाही, तो शांतवनकाकांच्या तीन बोटांत ठेवला आणि मगच ते मागे सरकले.

विमान गेलं. पप्पांच्या हातात आता ओळखीचा हात होता. ते तो दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. शंभर-दीडशे माणसांच्या अनवाणी पायांचा आवाज विमानाखाली झाकला गेला असेल, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. पण त्या माणसाला एकाच बाकाचं करकरणं ऐकून कोण बसलं ते कळायचं. "शांतवनराव," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना आठवलं नाही. चाळीस घरांची यादी घडाघडा म्हणणारे पप्पा यादी विसरले. आणखी चार-पाच नावं त्यांनी घेतली, चुकतमाकत. प्रत्येक वेळी बरोबर त्या बाकावरून "सलाम, पाळकसाहेब" असं उत्तर आलं, मोठ्याने, जरा जास्तच मोठ्याने, लहान मुलाला अंधारात धीर द्यावा तसं. त्या मोठ्या आवाजांनीच त्यांना अधिक मोडलं असावं. "सगळ्यांचे आभार," ते म्हणाले. जे त्यांना अजिबात म्हणायचं नव्हतं तेच. आणि खाली बसले.

नंतर पुलाव होता, फोटो होते. लोक पप्पांचे हात हातात घेऊन रडत होते. राहेलआजी आईला म्हणाल्या, "मला दोन वर्षांपासून ठावं हाय. आमच्या मालकांचं असंच झालं हुतं." शांतवनकाकांना ठाऊक नव्हतं, आणि त्याचं त्यांना फार लागलं. "मला तरी सांगायचं ना, वहिनी," एवढंच ते म्हणाले आणि न जेवता निघून गेले.

संध्याकाळी सामानाच्या टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही तिघं बसलो. टेम्पो हायवेला लागला. मग पप्पांनी सरळ समोर बघत विचारलं, "करुणा, खबर नीट घेतली होतीस ना गं?"

"हो," मी म्हटलं. "मी गेले तेव्हा सगळे जागेवर होते. नंतर हलवलं असेल म्हस्के सरांनी."

"बरं," ते म्हणाले.

गावी जाऊन महिना झाला असेल. पप्पा दिवसभर ओसरीवर बसून असायचे. येरझारा बंद झाल्या होत्या, नव्या जागेची पावलं त्यांनी मोजलीच नाहीत. रविवारी गावच्या देवळात ते आईचा हात धरून जायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. मला त्यांनी खबर विचारली नाही. तेव्हाही नाही आणि त्यानंतर ते हयात होते त्या नऊ वर्षांतही नाही. एके दुपारी आई त्यांचं ताट वाढत होती. चटणी डावीकडे ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेवटी तुझं घेणार होते."

"काय?"

"नाव तुझं. सगळ्यात शेवटी. त्या दिवशी पहाटे मला बोलून दाखवलं सगळं. म्हणाले, डोळ्यांचं मीच सांगतो मंडळीला, माझ्या तोंडानं. खोटं पाठीवर घेऊन इथून जायचं नाही. आणि सांगणार होते, तीन वर्षं हिच्या डोळ्यांनी तुम्हाला बघितलं म्हणून. तुला पत्ता लागू द्यायचा नव्हता, म्हणून तालमीत घ्यायचे नाहीत." आईने आमटीची वाटी उजवीकडे सरकवली, बोटभर मागे घेतली, पुन्हा सरकवली. "जागांचा घोळ झाला आणि राहिलं ते. कुणाला काय बोल लावायचा? घे, नेऊन दे."

मी ताट घेऊन ओसरीवर गेले. सांगायचंच असं ठरवून गेले. उंबरा ओलांडेपर्यंत वाक्यसुद्धा तयार होतं, तेव्हाही आणि पुढे कितीतरी वेळा तेच वाक्य तयार असायचं. पप्पांच्या पुढ्यात ताट ठेवलं. त्यांनी हात धुतले, डोळे मिटून प्रार्थना केली, आणि न चाचपडता चटणीला बोट लावलं. गावावरून विमानं जात नाहीत. थांबायला काही कारण नव्हतं.

"करुणा का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"जेवलीस?"

"हो," मी म्हटलं. मी जेवले नव्हते.